किनाऱ्यावरच्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकासाठी

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारी गावात बदलून आलेल्या शिक्षकाने पहिल्या महिन्यात पाठ्यक्रम किती पुढे सरकला याची फार चिंता करू नये. आपल्या वर्गातील कोणत्या मुलावर कोणते काम विश्वासाने सोपवता येईल, हे त्याने त्या महिन्यात हेरून ठेवावे. गावाच्या उपयोगी पडणारे खरे काम ज्या शिक्षकाने हाती दिले, त्याचा शब्द मूल मोठेपणीही विसरत नाही, असे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिले आहे.

याचे फार जुने उदाहरण दापोली तालुक्यातील मुरूडचे आहे. तेथील सोमण गुरुजींनी गावकऱ्यांसाठी दुर्गादेवीच्या देवळात वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम एका विद्यार्थ्यावर सोपवले होते. तो विद्यार्थी म्हणजे धोंडो केशव कर्वे, ज्यांना पुढे १९५८ साली भारतरत्न मिळाले. सार्वजनिक कामाची गोडी आपल्याला या गुरुजींमुळे लागली, असे कर्व्यांनी स्वतःच नोंदवले आहे. गुरुजींनी त्या मुलाला समाजसेवेवर व्याख्यान देण्याऐवजी हाती वर्तमानपत्र दिले आणि चार मोठ्या माणसांसमोर बसवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मूल हेरायचे तर त्याचे घर पाहिले पाहिजे. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंद असते आणि शाळा जूनच्या मध्यात सुरू होते. त्यामुळे एरवी समुद्रावर असणारे वडील या काळात जाळी विणताना, होडी डागडुजीला घेतलेली असताना घरीच भेटतात. तेव्हाच जावे. जाताना हजेरीपट किंवा वही नेऊ नये, आणि मुलाच्या तक्रारी तर मुळीच सांगू नयेत. घरात मालवणी बोलली जात असेल तर ती कान देऊन ऐकावी. वर्गातही पहिले काही दिवस मुलाला त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्यावे, पुस्तकी मराठी मागाहून येते.

मी ही काळजी सुरुवातीला घेतली नव्हती. सहावीतला एक मुलगा हिवाळ्यात आठवड्यातून दोनतीनदा उशिरा यायचा, कपड्यांना मासळीचा वास असायचा, आणि मी त्याला व्हरांड्यात उभा करायचो. एकदा त्याने खाली मान घालून सांगितले, "रापण ओढूक गेल्लंय, गुरुजी." पुढच्या रविवारी मी पहाटे किनाऱ्यावर गेलो. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या लांब जाळ्याच्या, दोन्ही दोरांवर माणसे रांगेने मागे मागे सरकत होती आणि हा शेवटच्या टोकाला ओल्या दोराची वेटोळी घालत होता. जाळे वर आल्यावर तो वाळूत उकिडवा बसला आणि तारल्यांचे वाटे घालू लागला: होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा, मोठ्या माणसांना पुरा आणि दोर ओढणाऱ्या पोरांना अर्धा. वर्गात अपूर्णांक येत नाहीत म्हणून ज्याला मी उभा करत होतो, तो तिघा पोरांचा मिळून दीड वाटा न अडखळता काढत होता. मला माझीच लाज वाटली. सोमवारी मी त्याची सर्वांसमोर क्षमा मागितली आणि अपूर्णांकाचा धडा त्यालाच गोट्यांचे वाटे घालून शिकवायला सांगितला.

त्यानंतर शाळेच्या फाटकाशी एक फळा लावला आणि त्यावर रोजची भरती-ओहोटी लिहिण्याचे काम त्याच्याकडे दिले. हे काम कोणत्याही किनारी शाळेला करता येईल. आपल्याकडच्या जुन्या ठोकताळ्याप्रमाणे तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून करायची. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे जाते, ते मुलांना या गणितातूनच उमगते, आणि विस्मृतीत गेलेला पाऊणकीचा पाढा पुन्हा पाठ होतो. ठिकाणागणिक वेळेत थोडा फरक पडतो, म्हणून मुलांनी प्रत्यक्ष पाण्याची खूण पाहून आपला आकडा सुधारावा. खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जाणाऱ्या बायकांना ओहोटीची वेळ तोंडपाठ असते; फळ्यावरची चूक त्या जाता जाता सांगतात. समुद्रात उतरणारे पर्यटकही तो वाचून जातात, म्हणून आकडा नीट लिहिण्याची जबाबदारी मुलाला आपोआप कळते.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक मात्र मासळीच्या लिलावाच्या वेळी ठेवू नये. कायद्याने समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पण आई टोपली घेऊन बाजारात असेल तर ती कागदावरच सभासद राहते. संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी बोलवावे. आठवीच्या मुलांच्या घरी एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची माहिती स्वतः जाऊन द्यावी, कारण नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात हे समजल्यावर मुलाला होडीवर पाठवण्याचा बेत पुष्कळदा लांबणीवर पडतो.

मार्च उजाडला की फळ्याचे काम खालच्या वर्गातल्या मुलाकडे जायला हवे. ते शिक्षकाने शिकवू नये, जाणाऱ्या मुलानेच शिकवावे. त्या आठवड्यात मी फाटकाकडे फिरकत नाही. एका वर्षी नव्या मुलीने एकादशीची भरती सव्वासातला लिहिली होती. मला ती वर्गाच्या खिडकीतून दिसली, तरी मी बाहेर गेलो नाही. थोड्या वेळाने टोपली घेतलेली एक काकू फाटकाशी थांबली, काहीतरी बोलली, आणि मुलीने ओढणीच्या टोकाने आकडा पुसून सव्वाआठ केला.