चीनच्या शस्त्रविक्रीची बातमी कशी तपासावी

चीन अमुक देशाला लढाऊ विमानं देणार, अशी बातमी आली की 'तो देश चीनच्या खिशात गेला' असा निष्कर्ष आपल्याकडे त्याच दिवशी निघतो. तो काढण्याआधी थोडी तपासणी करा. लागणारी बहुतेक माहिती फुकट मिळते आणि बऱ्याचदा निघणारं चित्र मथळ्यापेक्षा वेगळं असतं.

सुरुवात बातमीतल्या क्रियापदापासून करा. 'उत्सुक', 'बोलणी सुरू', 'सामंजस्य करार' यांपैकी काहीही असेल तर विक्री झालेली नाही. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षानंतर जे-१० हे चिनी लढाऊ विमान घेणाऱ्यांच्या यादीत कितीतरी देशांची नावं फिरली. त्यातलं प्रत्येक नाव वेगळं तपासावं लागतं. पक्का करार, पहिला हप्ता आणि प्रत्यक्ष ताबा या तीन टप्प्यांच्या तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा. त्यांच्यात कित्येक वर्षांचं अंतर पडू शकतं.

यानंतर स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेचा शस्त्र-हस्तांतरणाचा डेटाबेस उघडा. त्यात १९५० पासूनच्या नोंदी आहेत. विक्रेता म्हणून चीन, खरेदीदार म्हणून हवा तो देश आणि किमान दहा वर्षांचा काळ निवडा. मागणीचं वर्ष, मागवलेली संख्या आणि मिळालेली संख्या यांचे रकाने शेजारी ठेवून वाचा. मागवले बारा आणि मिळाले चार, असं दिसलं तर बातमी त्या फरकातच आहे.

इथे बहुतेकांची गफलत होते ती 'टीआयव्ही' या एककात. हे डॉलर नाहीत, कराराची किंमतही नाही. शस्त्राची लष्करी क्षमता मोजण्यासाठी सिप्रीने ठरवलेलं ते मूल्य आहे. वापरलेलं शस्त्र असेल तर नव्याच्या ४० टक्के धरतात, मोठी डागडुजी करून दिलं असेल तर ६६ टक्के. रायफली, दारूगोळा यांसारखी लहान शस्त्रं यात जवळपास धरलेलीच नसतात, त्यामुळे आफ्रिकेतलं बरंच काही या आकड्यांतून निसटतं. शिवाय एका वर्षाचा आकडा कधीही वापरू नका. दोन युद्धनौका एकाच वर्षी पोचल्या तरी आलेख उसळतो, म्हणून सिप्री स्वतःच पाच-पाच वर्षांचे गट करते. आपल्या संरक्षण मंत्रालयाचा २०२४-२५ चा २३,६२२ कोटी रुपयांचा निर्यातीचा आकडाही या एककाशेजारी मांडता येत नाही. तो रुपयांत आहे आणि त्यात सुटे भागही येतात.

टक्केवारी दिसली की ती कशाची, हे विचारा. २०२०-२४ या काळात जगाच्या शस्त्रनिर्यातीत चीनचा वाटा ५.९ टक्के होता, आणि त्यातली ६३ टक्के शस्त्रं एकट्या पाकिस्तानला गेली. म्हणजे उरलेल्या सगळ्या जगासाठी चीनचा वाटा साधारण सव्वादोन टक्के. उलट २०१९-२३ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत चीन १९ टक्क्यांसह रशियाला (१७ टक्के) मागे टाकून पहिला आला. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त त्या प्रदेशाची एकूण खरेदीच लहान आहे, त्यामुळे थोड्या मालानेही क्रम बदलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: इंजिन कुणाचं आहे? नेमका हाच प्रश्न बातमीदार विचारत नाहीत. थायलंडने २०१७ मध्ये चीनकडून एस-२६टी पाणबुडी घ्यायचा करार केला. तिच्यासाठी जर्मन एमटीयू ३९६ डिझेल इंजिन ठरलं होतं. पण १९८९ मध्ये तिआनानमेन चौकातल्या आंदोलकांवर झालेल्या लष्करी कारवाईनंतर युरोपने चीनवर घातलेली शस्त्रबंदी अजून लागू आहे, आणि जर्मनीने इंजिन द्यायला नकार दिला. चीनने स्वतःचं सीएचडी-६२० पुढे केलं, थाई नौदल अडून बसलं, मधेच पाणबुडीऐवजी फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) घ्यायचाही विचार झाला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये थाई मंत्रिमंडळाने चिनी इंजिन मान्य केलं. करारापासून इंजिन मान्य होईपर्यंत आठ वर्षं गेली. पाकिस्तानच्या जेएफ-१७ मध्ये रशियन आरडी-९३ इंजिन आहे, म्हणजे ते विमान तिसऱ्या देशाला विकताना मॉस्कोचाही विचार करावा लागतो. म्हणून करार दिसला की इंजिन, रडार आणि क्षेपणास्त्रं कोणत्या देशाची, हे तीन कप्पे भरा. एखादा रिकामा राहिला तर करार रखडण्याची शक्यता तिथेच शोधा.

माल पोचल्यावर त्याचा माग सोडू नका. चीनचे सीएच-४ ड्रोन अमेरिकन ड्रोनपेक्षा स्वस्त आणि अटीही कमी, म्हणून पश्चिम आशियात खपले. २०१९ मध्ये जॉर्डनने आपले सीएच-४ विक्रीला काढले. त्याच वर्षी अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालात आलं, की इराककडच्या दहाहून अधिक सीएच-४ पैकी पूर्णपणे कामाचं एकच उरलं होतं. कारण देखभालीतल्या अडचणी. खरेदी किमतीत सुटे भाग, तंत्रज्ञांचं प्रशिक्षण आणि दुरुस्तीची सोय किती वर्षांची धरली आहे, हे कराराच्या बातमीत नसेल तर ड्रोन स्वस्त पडलं असं लिहू नका.

प्रभाव मात्र शस्त्रांच्या यादीत पूर्ण दिसत नाही, त्यासाठी आजूबाजूला पाहावं लागतं. बांगलादेशने चीनकडून मिंग वर्गाच्या दोन जुन्या पाणबुड्या घेतल्या. मार्च २०१७ मध्ये त्या 'नवयात्रा' आणि 'जययात्रा' या नावांनी नौदलात दाखल झाल्या. वापरलेल्या असल्याने टीआयव्हीत त्यांचं वजन कमी. पण पाणबुडी आली की धक्का, दुरुस्तीची सोय, खलाशांचं प्रशिक्षण सगळं आलं. कॉक्स बाझारजवळ पेकुआ इथे चीनच्या मदतीने पाणबुडी तळ उभा राहिला आणि २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पाणबुड्या निवृत्त होतील, तळ मात्र तिथेच राहील.

श्रीलंकेला २०१९ मध्ये दिलेली युद्धनौका भेट होती. भेटीची किंमत खरेदीच्या आकड्यांत येत नाही. खलाशी आणि सुटे भाग मात्र तिलाही लागतातच. प्रशिक्षणाचंही तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये बीजिंगला झालेल्या चीन-आफ्रिका शिखर परिषदेत चीनने आफ्रिकेला १ अब्ज युआनची लष्करी मदत आणि ६,००० सैनिकी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊ केलं. रणगाड्यांच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ वाटेल. पण आज तिथे शिकणारा कॅप्टन वीस वर्षांनी खरेदी समितीवर बसलेला असू शकतो, आणि माझ्या मते चीनचा खरा डाव तिथे आहे.

शेवटचा ताळा संयुक्त राष्ट्रांच्या पारंपरिक शस्त्रांच्या नोंदवहीशी घ्या. त्यात विकणारा आणि घेणारा दोघांनी स्वेच्छेने माहिती द्यायची असते. तैवानला दिलेल्या शस्त्रांची नोंद अमेरिका करते या कारणाने चीनने काही वर्षं अहवाल देणं थांबवलं होतं, २००७ मध्ये पुन्हा सुरू केलं. त्यामुळे त्या मधल्या काळासाठी खरेदीदार देशाची नोंद आणि सिप्री यांवरच भिस्त ठेवा, आणि दोघांत तफावत असेल तर दोन्ही आकडे द्या.