यादीतली टिक: पायथॉन आणि क्यूटी नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पतसंस्थेच्या थकबाकीदारांची यादी पडद्यावर आहे. कारकून नावांपुढच्या चौकोनांत टिक करतो, 'नोटीस छापा' दाबतो आणि तेवढ्याच सभासदांच्या नोटिसा प्रिंटरमधून बाहेर येतात. डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी पहिलं काम बहुधा हेच देते. पायसाइड 6 मध्ये, म्हणजे क्यूटी हे टूलकिट पायथॉनमधून वापरायच्या लायब्ररीत, अशी यादी तासाभरात दिसायला लागते. ती विश्वासाने वापरता येण्याजोगी करायला मात्र बरेच दिवस जातात, कारण इथे चुकीची टिक म्हणजे पैसे वेळेवर भरणाऱ्या माणसाच्या दारात जाणारी नोटीस.

आधी टूलकिट (खिडक्या, बटणं, याद्या तयार देणारा संच) कोणतं, याबद्दल थोडं. पायथॉनसोबत येणाऱ्या टीकिंटरने सुरुवात करणारे बरेच असतात आणि जुन्या धड्यांमधून त्यांना टिक्स नावाच्या मोड्यूलमधलं चेकलिस्ट विजेट (पडद्यावरचा तयार घटक) सापडतं. त्याच्या मागे लागू नका. टिक्स पायथॉन 3.6 पासून कालबाह्य म्हणून जाहीर झालेलं होतं आणि 3.13 मध्ये ते काढूनच टाकलं. टीकिंटरच्याच टीटीके ट्रीव्ह्यू या यादीच्या विजेटमध्ये चेकबॉक्स मुळातच नाही, तो चित्रं लावून उभा करावा लागतो. डब्ल्यूएक्स-पायथॉन या दुसऱ्या टूलकिटमध्ये चेकलिस्टबॉक्स नावाचं तयार विजेट आहे आणि छोट्या कामाला ते छान चालतं. मी क्यूटीकडे वळवते, कारण यादी मोठी झाली, तिच्यात शोध आला, गट आले, तरी तिथे वाट बंद होत नाही. परवान्याचंही आधीच पाहून ठेवा: पायसाइड 6 एलजीपीएलखाली मिळतं (अटी पाळून आपला कोड बंद ठेवता येतो), क्यूटीचीच दुसरी पायथॉन लायब्ररी पायक्यूटी 6 हिला जीपीएल (वाटलेल्या सॉफ्टवेअरचा कोड खुला करावा लागतो) किंवा विकतचा परवाना लागतो. गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअर विकायचं असेल तर हा फरक पहिल्या दिवशीच महत्त्वाचा असतो.

क्यूटीत 'चेकलिस्ट' असं वेगळं विजेट नाही. क्यूलिस्टविजेट घ्यायचं, त्यात क्यूलिस्टविजेटआयटम टाकायचे आणि प्रत्येक आयटमवर सेटचेकस्टेट बोलवून त्याची चेकस्टेट, म्हणजे टिकेची अवस्था, द्यायची. नवखे इथे पहिल्यांदा अडखळतात. आयटमला टिक करण्याची परवानगी देणारा फ्लॅग आधीपासून चालूच असतो, तरी चौकोन दिसत नाही. आयटमला चेकस्टेट दिल्याशिवाय तो उमटतच नाही. म्हणून रिकामा चौकोन हवा असला तरी 'अनचेक्ड' हे स्पष्टपणे द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट मी फळ्यावर लिहून ठेवते: निवड वेगळी, टिक वेगळी. निळी पट्टी पडलेली ओळ म्हणजे निवड, ती पुढच्या क्लिकला हलते. टिक राहते. सिलेक्टेडआयटम्स मागितले तर निळ्या ओळी मिळतात, टिक केलेल्या नाहीत. टिक केलेल्या ओळी थेट देणारी पद्धत क्यूलिस्टविजेटमध्ये नाही, सगळे आयटम फिरून प्रत्येकाची चेकस्टेट पाहावी लागते.

लोकांना नावावर क्लिक करून टिक व्हायला हवी असते. सुट्या क्यूचेकबॉक्समध्ये ती होते, यादीत फक्त चौकोनावर क्लिक केल्यावर होते. मग कोणीतरी आयटमक्लिक्ड सिग्नलला (सिग्नल म्हणजे काही घडलं की विजेट आपल्या कोडला देतं ती खबर) जोडून टिक उलटवणारं फंक्शन लिहितं. नावावर क्लिक केल्यावर ते नीट चालतं. चौकोनावर क्लिक केलं की आधी क्यूटी टिक करतं, मग आपलं फंक्शन ती पुसतं, आणि वापरणाऱ्याला वाटतं की माऊस खराब आहे. मला विचाराल तर ही सोय करण्याआधी कीबोर्डकडे बघा. खाली-वर बाण आणि स्पेसबार एवढ्यावर टिक करणं-काढणं क्यूटी फुकटात देतं, आणि दिवसभर नोंदी करणारा कारकून माऊसला फारसा हात लावत नाही. त्याच्या शेजारी बसून त्याचे हात पाहिले की स्क्रीन कशी मांडायची ते कळतं. हे शिक्षण कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टिक ही ओळीची नसते, माणसाची असते. यादीत दोन संतोष पाटील असणारच, तेव्हा नावावरून माणूस ओळखता येत नाही. ओळीच्या क्रमांकावरूनही नाही, कारण यादीचा क्रम बदलला की पाचव्या ओळीवर दुसराच कोणी येतो. मराठी नावांत क्रम बदलण्याचा प्रसंग हमखास येतो. पायथॉनचं साधं सॉर्टिंग युनिकोडच्या क्रमाने जातं आणि युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलेला आहे. त्यामुळे काळे आधी आणि कावळे नंतर लागतात. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणजे कावळे आधी हवेत. व्यवस्थापक हे लगेच ओळखतात आणि क्रम नीट करून मागतात. सॉर्टच्या की-फंक्शनमध्ये ळ ला त्याची जागा दिली की नावं जागेवर येतात, पण टिका ओळीच्या क्रमांकाने जपल्या असतील तर त्या त्याच क्षणी भलत्यांच्या नावापुढे जातात.

उपाय सोपा आहे. प्रत्येक आयटमच्या यूजररोलमध्ये (आपली माहिती ठेवायच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या जागेत) सभासद क्रमांक ठेवा. टिक केलेल्यांचा हिशेब आपल्याकडे सभासद क्रमांकांच्या एका सेटमध्ये असू द्या. विजेटचं काम तो सेट दाखवायचा आणि वापरणाऱ्याने केलेला बदल आपल्याला कळवायचा. डेटाबेसमध्ये जतन करतानाही हेच क्रमांक जातात, दुसऱ्या दिवशी यादी वेगळ्या क्रमाने उघडली तरी टिका योग्य माणसापुढे येतात.

हा बदल कळवणारा सिग्नल म्हणजे आयटमचेंज्ड. तो टिक बदलल्यावर येतो, तसाच नाव बदललं, रंग बदलला तरी येतो, आणि टिक माणसाने केली की आपल्या कोडने, हे तो सांगत नाही. म्हणून कोडने टिका भरताना क्यूलिस्टविजेटवर ब्लॉकसिग्नल्स लावावं आणि काम झालं की काढावं. ते विजेटवरच लावा, आतल्या मॉडेलवर (यादीचा डेटा सांभाळणाऱ्या भागावर) नको. मॉडेलचे सिग्नल थांबले तर पडद्याला बदलाची खबरच लागत नाही. आयटम यादीत टाकण्याआधीच त्याला चेकस्टेट दिली तर हा प्रश्न येतच नाही, कारण तेव्हा तो कोणत्याच यादीचा नसतो. टिक केलेल्या ओळी यादीतून काढायच्या असतील तर शेवटून सुरुवात करा. टेकआयटमने एक ओळ काढली की खालच्या सगळ्या वर सरकतात, आणि वरून खाली जाणारा लूप लगतची ओळ चुकवतो.

'सर्व' नावाचा चेकबॉक्स यादीच्या वर असतोच. काहीच टिक नसेल तर रिकामा, सगळे असतील तर भरलेला, काही असतील तर अर्धवट. अर्धवट अवस्था कोडने एकदा दिली की क्यूचेकबॉक्स स्वतः तीन अवस्थांचा होतो, मग रिकाम्या चौकोनावर क्लिक केलं की तो अर्धवट होतो. वापरणाऱ्याला त्याचा काही अर्थ लागत नाही. इथे क्लिक्ड सिग्नल घ्यावा आणि पुढची अवस्था आपल्या सेटकडे पाहून आपणच ठरवावी. स्टेटचेंज्ड घेतलात तर तो आकडा पाठवतो, आणि पायथॉनच्या एनममधल्या (ठरावीक नावं दिलेल्या मूल्यांच्या संचातल्या) 'चेक्ड'शी तो आकडा थेट ताडून पाहिला तर उत्तर कायम 'नाही' येतं. एरर दिसत नाही, म्हणून शोधायला वेळ जातो. क्यूटी 6.7 पासून चेकस्टेटचेंज्ड हा सिग्नल आला आहे, तो सरळ एनमच देतो.

शोधाची चौकट जोडली की खरा विचार करावा लागतो. कारकुनाने 'पाटील' टाइप केलं, इतर नावं लपली, त्याने 'सर्व' दाबलं. टिक कोणाला व्हावी? माझं ठाम मत: जे दिसतंय त्यांनाच. आणि आधी टिक केलेले पण आता लपलेले सभासद आहेत, हे पडद्यावर लिहिलेलं हवं, 'एकूण निवडलेले' असा आकडा छापण्याच्या बटणाशेजारीच. छापण्याआधी नावांची यादी पुन्हा एकदा दाखवली तर आणखी बरं.

सभासद हजारांच्या घरात गेले की क्यूलिस्टविजेट सोडून क्यूलिस्टव्ह्यू (फक्त यादी दाखवणारं विजेट) आणि स्वतःचं मॉडेल घ्या. डेटा, सेटडेटा आणि फ्लॅग्ज या पद्धतींमध्ये चेकस्टेटरोल (टिकेच्या अवस्थेची जागा) सांभाळायचा, बदलानंतर डेटाचेंज्ड हा सिग्नल पाठवायचा, आणि शोधासाठी मध्ये क्यूसॉर्टफिल्टरप्रॉक्सीमॉडेल (नावं गाळून आणि क्रम लावून पुढे देणारं मॉडेल) बसवायचं. ज्यांनी सेट आधीच बाहेर ठेवला आहे त्यांना हा बदल जड जात नाही, कारण मॉडेल त्याच सेटकडे बघतं.

मुलाखतीत मी हीच यादी करून आणायला सांगते: दोन एकाच नावाचे सभासद, शोध, 'सर्व', आणि टिक केलेले काढून टाकण्याचं बटण. रंगरूपाला मी गुण देत नाही. शोधात नाव टाइप करते, टिक करते, शोध पुसते, क्रम उलटा करते, अॅप बंद करून पुन्हा उघडते, आणि टिक त्याच सभासद क्रमांकापुढे आहे का ते बघते.