कटर सुरू होत नाही? स्क्रूला हात लावण्याआधी स्पार्क प्लग काढा

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात माझा फोन सारखा वाजतो. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, लाकडं करायची असतात, कौलांवर झुकलेली फणसाची फांदी मृगाआधी उतरवायची असते, आणि वर्षभर पडवीत पडून राहिलेलं लाकूड कापायचं कटर मशीन (चेनसॉ) नेमकं तेव्हा दगा देतं. पलीकडचं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, कार्बोरेटर गेला." मी विचारतो, "प्लग काढून बघितलास? ओला आहे की कोरडा?" प्लग कोणी बघितलेला नसतो. कार्बोरेटरचे स्क्रू मात्र इकडे-तिकडे फिरवून झालेले असतात, आणि तिथून पुढे कामाची गाठ आणखी घट्ट बसते.

मी दापोली तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येते इतक्या जवळ राहतो. माझं मशीन ४५ सीसीचं, २००८ साली घेतलेलं. इतक्या वर्षांत पाहिलं ते हे, की जुन्या मशीनच्या दहा तक्रारींतल्या सात-आठ पेट्रोलच्या किंवा रबराच्या असतात. म्हणून पेट्रोल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने तपासत जायचं. टाकी, फिल्टर, नळी, कार्बोरेटर, आणि सगळ्यात शेवटी स्क्रू.

आधी टाकी मोकळ्यावर, चुलीपासून आणि विडीपासून लांब, काचेच्या बरणीत रिकामी करा. वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो. शिळ्याला जुन्या वॉर्निशसारखा कुबट वास येतो. बरणी अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते सगळं बाद. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडची पावसाळी हवा कशी असते ते मीठ ठेवलेल्या बरणीला विचारा. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून सुटतं नि खाली बसतं. टाकीतला फिल्टर तळाशीच लोळत असतो, त्यामुळे पहिला घोट त्याचाच जातो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल त्या थरात जवळजवळ नसतं, म्हणजे इंजिन नुसतं बंद पडत नाही, आतून घासलंही जातं.

पेट्रोल-ऑइलचं नवीन मिश्रण मापाने करा. पुस्तिकेत ५०:१ असेल तर लिटरला २० मिली टू-टी ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. झाकणाने अंदाज घेऊ नका, औषधाची सिरिंज वापरा. मी एका वेळी एक लिटरच करतो आणि पावसाळी दिवसांत पंधरा दिवसांच्या वर ठेवत नाही. पाण्याच्या बाटलीत तर ते कधीच भरू नका. तहानलेलं माणूस बाटली तोंडाला लावतं, लेबल वाचत बसत नाही.

आता प्लग. चोक ओढून सहा-सात वेळा दोरी ओढा आणि प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. ओलागच्च असेल तर एकतर पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी नाही. कोरड्या प्लगची खात्री करायला छिद्रातून चमच्याच्या टोकाएवढं मिश्रण आत सोडा, प्लग बसवा, चोक न ओढता दोरी ओढा. दोन सेकंद फटफट करून मेलं तर ठिणगी आणि इंजिन ठीक आहे, आजार पेट्रोलच्या वाटेवर आहे. या एका चाचणीने माझे किती दिवस वाचले असतील ते सांगता येणार नाही. ओलागच्च असेल तर मशीन उलटं धरून, प्लग काढलेलाच ठेवून, चार-पाच वेळा दोरी ओढा आणि आतलं पेट्रोल बाहेर काढा. प्लग पुसून त्याची फट बघा. माझ्या मशीनला ०.५ मिमी लागते, तुमच्या पुस्तिकेत तुमची असेल. ठिणगी बघताना प्लग त्या उघड्या छिद्रापासून लांब धरा. तिथून पेट्रोलची वाफ येत असते.

प्लग कोरडा निघाला तर सायकलच्या आऱ्याला आकडा करून टाकीतला फिल्टर बाहेर ओढा. काळा, चिकट झाला असेल तर बदला, धुऊन भागवू नका. मग नळी. ती टाकीच्या भिंतीतून जिथे बाहेर येते तिथे बोटांनी वाकवून बघा. जुनं रबर तिथेच फुटतं, आणि चीर इतकी बारीक असते की वाकवल्याशिवाय दिसत नाही. अशा चिरेतून पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. मशीन चांगलं चालून दहा मिनिटांनी मरत असेल तर टाकीचं झाकण सैल करून परत चालवा. तेवढ्यानेच नीट चाललं तर टाकीत हवा जाण्याची वाट चोंदली आहे. आमच्याकडे यात आणखी एक उपद्व्याप असतो तो कुंभारमाशीचा. नळीचं तोंड, सायलेन्सरचं भोक, मिळेल तिथे ती मातीचं घर करते. एकदा शेजारच्या काकांचं मशीन दोन दिवस खोललं, आणि निघाली सायलेन्सरमधली मातीची गोळी. तेव्हापासून मी दोन्ही भोकं आधी बघतो.

एवढं करूनही पेट्रोल येत नसेल तर कार्बोरेटर उघडायचा. हा भाग घाईत करू नका. खळ्यात पांढरं फडकं अंथरा आणि प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा. एका बाजूच्या झाकणाखाली पंपाचा पातळ डायफ्राम (लवचीक पडदा) आणि बारीक जाळी असते, दुसऱ्या बाजूला मधे धातूचं बटण असलेला डायफ्राम. डायफ्राम केळीच्या कोवळ्या पानासारखा मऊ हवा. पापडासारखा कडक झाला असेल तर पेट्रोल मोजून सोडण्याचं त्याचं काम संपलं. कार्बोरेटरवर कोरलेला नंबर सांगून डायफ्राम-गॅस्केटचा संच मागवा. अख्ख्या नव्या कार्बोरेटरपेक्षा तो फार स्वस्त पडतो. बसवताना बटणाच्या बाजूला आधी गॅस्केट, त्यावर डायफ्राम. पंपाच्या बाजूला उलटं, आधी डायफ्राम, मग गॅस्केट. तरी तुमच्या फोटोशी ताडून बघाच.

बटणाखाली एक छोटी तरफ आणि सुई असते. सुईच्या टोकाशी कचरा अडकला की ती बंद होत नाही आणि प्लग ओलागच्च होतो. सुई आणि तिची जागा स्वच्छ करा, पण तरफ वाकवू नका. तिची उंची अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली की मशीनचा सगळा स्वभाव बदलतो. आत पांढरी भुकटी दिसली तर ती ओलीमुळे गंजलेलं ॲल्युमिनियम आहे. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, चष्मा लावून. जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीच्या, भोकात तार खुपसू नका, भोक कायमचं मोठं होतं.

फवाऱ्याआधी एल (कमी रेसचं पेट्रोल ठरवणारा) आणि एच (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा) हे दोन स्क्रू काढावे लागतात. काढण्यापूर्वी प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते मोजा आणि लिहून ठेवा. आमच्याकडे कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलेलं असतं. टेकल्यावर जोर दिला तर टोकाला खाच पडते आणि नंतर ट्यूनिंग लागतच नाही. ज्यांनी आधीच फिरवून टाकले आहेत त्यांनी पुस्तिकेतल्या आकड्यापासून सुरुवात करावी. बऱ्याच जुन्या मशीनना दोन्ही स्क्रू एकेक फेरा बाहेर असा तो असतो.

ट्यूनिंगला बसण्यापूर्वी एअर फिल्टर धुऊन वाळवा आणि मशीन चार-पाच मिनिटं गरम होऊ द्या. एल स्क्रू हळू आत घेत जा. इंजिनचा वेग वाढेल, मग दमल्यासारखं होईल. तिथून थोडा बाहेर या, रेस दिल्याबरोबर मशीनने अडखळता कामा नये. मग तिसऱ्या स्क्रूने आयडलिंग, म्हणजे रेस न देता चालणारा वेग, एवढं खाली आणा की साखळी पूर्ण थांबेल. रेस सोडल्यावरही साखळी फिरत राहणारं मशीन कोणाच्या हातात देऊ नका.

एच स्क्रूबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या पाखाडीवर रायवळ आंबे आणि पोफळी आडव्या पडल्या होत्या. मी चुलतभावाचं मशीन आणलं होतं. ते जोरात पळावं म्हणून मी एच स्क्रू आत घेतला. आवाज शिट्टीसारखा तीक्ष्ण झाला, कापणीही वेगात होऊ लागली, मला बरं वाटलं. चौथ्या दिवशी दुपारी ते मधेच थांबलं आणि दोरी हलेना. पिस्टन जाम झाला होता. स्क्रू आत घेतला की पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी आणि उष्णता जास्त, एवढं साधं गणित मी विसरलो होतो. भाऊ एका शब्दाने बोलला नाही. त्याचं मशीन मी भरून दिलं, पण ज्या आठवड्यात गावाला एकेक मशीन हवं होतं त्याच आठवड्यात एक कमी झालं, याचं वाईट अजून वाटतं.

म्हणून एच असा ठेवा की लाकडाबाहेर पूर्ण रेसवर आवाज किंचित घोगरा, फडफडणारा असेल आणि लाकडात पाती घातल्यावर तो मोकळा होईल. बाहेरही स्वच्छ शिट्टी येत असेल तर लगेच थोडा बाहेर फिरवा. आणि आयडलिंग स्वतःहूनच वर-खाली होत असेल, रेस सोडल्यावर वेग उतरायला वेळ लागत असेल, तर कुठून तरी हवा आत शिरतेय. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी जोड बघा, नाहीतर क्रँकचं सील गेलेलं असेल. ते स्क्रूने झाकू नका, मेकॅनिककडे न्या.

आगोट आटपली की मी टाकी रिकामी करतो आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. मग चोक ओढून दोन वेळा दोरी, म्हणजे डायफ्रामजवळचा थेंबही जातो. समुद्राकडच्या पडवीत न ठेवता आतल्या कोठीत, सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याचा बोळा घालून. बोळ्याची चिठ्ठी हँडलला बांधलेली असते. दसऱ्याला कोयता-कुऱ्हाडीबरोबर कटरलाही झेंडूची माळ घालतो, आणि पूजा झाली की बोळा काढून, ताजं मिश्रण भरून पाच मिनिटं चालवून बघतो.