मिशनसाठी सहकुटुंब इकितोसला चाललाय? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक आधी सांगतो, ती म्हणजे जंगलाची तयारी करणं. उपासनेनंतर अनाउन्स होतं की अमुक कुटुंब पेरूला, अ‍ॅमेझॉनमध्ये सेवेला चाललंय, की लगेच कोणी गमबूट आणून देतं, कोणी टॉर्च, कोणी तंबू, आणि एखादी आजी डोळ्याला पदर लावून विचारते, अरे तिथं माणसं तरी राहतात का? राहतात आजी, चार लाखांच्या वर राहतात. इकितोस चांगलं मोठं शहर आहे, बँका आहेत, युनिव्हर्सिटी आहे, ट्रॅफिक आहे, आणि मोटोकारो म्हणजे त्यांच्या तीनचाकी रिक्षा एवढ्या की दिवसभर लक्ष्मी रोडला विसर्जन मिरवणूक चालू असल्यासारखा आवाज. (आपल्या आकुर्डीवाल्या बजाजची रिक्षा पेरूमध्ये टोरिटो नावानं विकली जाते, हे बऱ्याच पुणेकरांना माहीतच नसतं.)

फक्त तिथं पोचायला रस्ता नाही. लिमाहून विमान, नाहीतर पुकाल्पा किंवा युरिमाग्वासहून नदीतून बोट, हॅमॉक बांधून काही दिवस झुलत जायचं. शहरातून निघणारा मोठा रस्ता एकच, तो साधारण 100 किलोमीटरवर नौता गावात नदीला जाऊन संपतो. म्हणजे शहराचे सगळे ताप अधिक बेटाचे सगळे ताप. आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, बाहेर जाणाऱ्यांची कागदपत्रं आणि पॅकिंग बघण्याचं काम माझ्याकडे असतं, आणि मी बघितलंय की लोक सापाला, मगरीला तोंड द्यायला तयार असतात आणि अडकतात ते नावाच्या स्पेलिंगवर, घरमालकावर आणि बुरशीवर.

नावाचा घोळ

आपल्याकडे मधलं नाव बापाचं, लग्न झाल्यावर नवऱ्याचं. पेरूमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं, आधी वडिलांचं मग आईचं, आणि प्रत्येक फॉर्मवर त्यासाठी दोन वेगळे रकाने. आता आपल्या ताईंच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मध्ये, दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं पूर्ण नाव, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव, आणि नवऱ्याच्या पासपोर्टवर तर आडनावाचा रकानाच रिकामा, सगळं नाव एकाच ओळीत. इथं कोणाचं काही अडत नाही. तिथं काउंटरवरच्या माणसाला हे एक कुटुंब आहे हेच पटत नाही, आणि त्याची काही चूकही नाही.

म्हणून बाकी काही करायच्या आधी सगळ्यांचे पासपोर्ट, जन्मदाखले, लग्नाचं सर्टिफिकेट टेबलवर मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. जे दुरुस्त होतंय ते दुरुस्त करून घ्या, जे होत नाही त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं अ‍ॅफिडेव्हिट करा. हे अपॉस्टिलच्या (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं तो शिक्का) आधी करायचं, नंतर केलं तर सगळे शिक्के परत.

लग्नाच्या सर्टिफिकेटचं वेगळंच. पाळकसाहेबांच्या सहीचं, चर्चच्या रजिस्टरमधलं सर्टिफिकेट असतं, लोक म्हणतात झालं की. पण अपॉस्टिलसाठी नुसतं तेवढं घेऊन गेलात तर बहुतेक वेळा परत पाठवतात, त्यामुळे महापालिकेत विवाह नोंदणी करून ते सर्टिफिकेट घ्या, मग राज्य सरकारचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, या क्रमानं. आणि एजंटनं सांगितलं की वर दूतावासाचाही शिक्का लागेल, त्याचे एवढे एक्स्ट्रा, तर त्याला विचारा कशासाठी. भारत 2005 पासून आणि पेरू 2010 पासून अपॉस्टिल करारात आहे, त्यामुळे अपॉस्टिल झालेल्या कागदाला तो शिक्का लागत नाही. पोलीस क्लिअरन्स मात्र शेवटी काढा, ते लवकर शिळं होतं आणि मग परत पासपोर्ट ऑफिसची अपॉइंटमेंट घ्या.

टुरिस्ट म्हणून जाऊ आणि तिथं गेल्यावर बघू, हा सल्ला देणारा एक तरी भाऊ प्रत्येक मंडळीत असतो, त्याचं ऐकू नका. पेरूमध्ये धार्मिक कामासाठी राहायची वेगळी कॅटेगरी आहे आणि त्यात बोलावणाऱ्या संस्थेची कागदपत्रं तुमच्याइतकीच बघितली जातात. ती संस्था न्याय मंत्रालयाच्या धार्मिक संस्थांच्या नोंदणीत आहे का हे ईमेलवर स्पष्ट विचारा, लाजू नका. पुढं इंटरपोलची तपासणी, मग कार्ने दे एक्स्ट्रांखेरिया म्हणजे परदेशी माणसाचं ओळखपत्र. ते हातात येईपर्यंत बँक अकाउंटसारख्या साध्या गोष्टीही रखडतात, तेवढ्या महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच निघा.

आणि तिकीट. स्वस्त मिळालं म्हणून अमेरिकेतून जाणारं तिकीट काढतात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो. चारपाच जणांच्या कुटुंबाची तिकिटं अशी वाया गेली की मग मंडळीत परत वर्गणी काढायची का, कोणी कोणाला सांगायचं, नको ते सगळं. युरोपातून जाणार असाल तरी प्रत्येक देशाचा ट्रान्झिटचा नियम आधी बघा.

घर बघताना भिंत बघा

हे नीट वाचा कारण यात पैसे बुडतात. इकितोस तीन नद्यांच्या मध्ये आहे, अ‍ॅमेझॉन, नानाय आणि इताया, आणि नदी वर्षात काही मीटर वरखाली होते. पाणी सगळ्यात जास्त साधारण एप्रिल-मे मध्ये, सगळ्यात कमी ऑगस्ट ते ऑक्टोबर. बेलेन नावाचा जो भाग आहे तिथं लोक लाकडी खांबांवरच्या नाहीतर तरंगत्या ओंडक्यांवरच्या घरात राहतात, आणि जिथून सप्टेंबरमध्ये चालत गेलात तिथून एप्रिलमध्ये होडीनं जायचं. आता तुम्ही सप्टेंबरमध्ये पोचलात, घर बघितलं, मस्त मोकळं अंगण, भाडं कमी, घरमालक प्रेमळ. सही करायच्या आधी बाहेरच्या भिंतीवर नजर टाका. गुडघ्याच्या, कमरेच्या उंचीवर एक तपकिरी आडवी रेघ दिसेल, खाली रंग फुगलेला, वर रंग बरा. ती पाण्याची रेघ. नवीन रंग फक्त खालच्या अर्ध्या भिंतीला दिलेला असेल तर जास्तच संशय घ्या. शेजारच्या घरांवर रेघ दिसते का बघा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारीणबाईला विचारा, घरमालकाला विचारून उपयोग नाही.

आणि गंमत म्हणजे तुमच्या डोक्यावर थेंब पडलेला नसतानाही पाणी चढतं, कारण ते वर अँडीजमधल्या पावसाचं असतं. पत्र्याचं छप्पर असेल तर दुपारी भट्टी आणि पावसात फोनवर बोलता येत नाही, तेव्हा खाली सीलिंग आहे का बघा. वीज पेरूच्या राष्ट्रीय ग्रिडला जोडलेली नाही, शहराचं स्वतःचं तेलावरचं वीजकेंद्र आहे, त्यामुळे लाइट जाणं धरून चाला. व्होल्टेज 220 म्हणजे आपली उपकरणं चालतात, पिना वेगळ्या.

काय न्यायचं, काय नाही

पुण्यात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलीमीटर पाऊस, तिथं अडीच हजारांच्या वर, आणि तो बाराही महिने वाटून पडतो. हवा कायम ओली. चामड्याच्या चपला, बेल्ट, पाकिटं यांना हिरवी बुरशी, पुस्तकांची पानं चिकटतात, कपाटातला सूट (जो तुम्ही नेणारच, मला माहितीये) बाहेर काढला की वास. तबला नेऊ नका. भजनाला पाहिजे म्हणून प्रेमानं नेतात आणि दमट हवेत शाई-पुडी सगळं सैल पडतं, हातोडी मारून मारून सूर लागत नाही, पेटीचंही तेच, स्वर गंजतात. तिथं काखोन म्हणजे हातानं वाजवायचा लाकडी खोका मिळतो, त्यावर आपला ठेका मस्त बसतो. पासपोर्ट आणि ओरिजिनल कागदपत्रं झिपलॉकमध्ये सिलिका जेलसकट, आणि स्कॅन पुण्यात कोणाकडे तरी.

जहाजानं सामान पाठवायचा मोह आवरा. काय्याओ बंदरात उतरलं तरी पुढं ट्रकनं डोंगर ओलांडून पुकाल्पा नाहीतर युरिमाग्वास, मग बोट. फ्रीज-वॉशिंग मशीन तिथंच घ्या. प्रेशर कुकर मात्र न्या, दोन रबर आणि शिट्टी एक्स्ट्रा. तांदूळ, शेंगवर्गीय कडधान्यं, मासे, कच्ची केळी, कोथिंबिरीसारखा वास येणारा साचाकुलांत्रो, मिरची, सगळं बाजारात मिळतं. तूरडाळ आणि चपातीचं पीठ नाही. घरचा काळा मसाला साध्या पिशवीत बांधून नेला तर कस्टमला प्रश्न येतात, पॅकबंद, लेबलवाला घ्या आणि फॉर्मवर डिक्लेअर करा. कढीपत्त्याचं रोप, बिया वगैरे अजिबात नको.

ताप आला की वाट बघणे

पुणेकरांना डेंग्यू नवा नाही आणि तोच प्रॉब्लेम आहे, आपल्याला वाटतं आपल्याला माहितीये. इकितोसमध्ये डेंग्यू शहरातच आहे, 1990 पासून, आणि तो डास दिवसा चावतो, म्हणजे रात्री मच्छरदाणी लावली म्हणून झालं असं नाही. मलेरिया जास्त करून शहराच्या कडेला आणि नदीकाठच्या गावांत, म्हणजे नेमकं जिथं तुम्ही शनिवार-रविवार मंडळीभेटीला जाणार तिथं. पेरूमधल्या मलेरियाच्या केसेस सगळ्यात जास्त याच लोरेतो प्रांतात असतात आणि मलेरियाच्या फाल्सिपेरम प्रकारावर क्लोरोक्विन चालत नाही, तेव्हा घरून नेलेल्या गोळ्या मनानं घेऊ नका. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल. मलेरियाच्या व्हायवॅक्स प्रकारावर प्रायमाक्विन देतात, त्याआधी जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची टेस्ट लागते, ती सगळ्या कुटुंबाची पुण्यातच करून रिपोर्ट सोबत ठेवा.

पिवळ्या तापाची लस सगळे जाण्यासाठी म्हणून घेतात, खरी अडचण परत येताना होते. पेरूहून भारतात येणाऱ्याला पिवळं सर्टिफिकेट लागतं, नसेल तर विमानतळावरून थेट क्वारंटाइन, सहा दिवसांपर्यंत. लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते, सर्टिफिकेट लसीनंतर 10 दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत, अंड्याची अ‍ॅलर्जी, प्रेग्नन्सी आणि 60 च्या पुढचं वय असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. म्हणजे तान्ह्या बाळाला घेऊन जाणार असाल तर तारीखच पुढं ढकला, प्रभूच्या वेळेवर एवढा तरी विश्वास ठेवा.

मुलांची शाळा, आईची भाषा

एप्रिलमध्ये परीक्षा झाली की निघू, हे सगळ्यांचं गणित. पेरूमध्ये शाळा मार्चमध्ये सुरू होऊन डिसेंबरला संपते. मे मध्ये पोचलेला पोरगा चालू वर्गात, भाषा येत नसताना, घुसतो. जानेवारीत पोचा, दोन महिने गल्लीत खेळू दे, मग शाळा.

मुलं स्पॅनिश भराभर उचलतात, नवऱ्याचं मीटिंगांमधून निभतं, आणि घरात राहते ती आई, जिला भाजी घेताना, डॉक्टरकडे, मुलांच्या टीचरशी बोलायची सगळ्यात जास्त गरज असते. क्लासला फक्त दादा जातो आणि वहिनी मुलांना सांभाळते, ही चूक मी इतक्यांदा बघितलीये की आता मी फॉर्मवर दोघांच्या क्लासची पावती मागतो. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकवतात, निदान बेसिक तरी दोघांनी इथून करून जा. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 ला मुंबईत उतरला तेव्हा आधी मराठीलाच बसला होता, आपल्या पणजोबांपर्यंत सुवार्ता मराठीत पोचली म्हणून पोचली.

आपणच पहिले, असं समजणं

इकितोसमध्ये कॅथलिक मिशन पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि इव्हांजेलिकल मंडळ्या तर जागोजागी. पहिलं वर्ष एखाद्या स्थानिक पास्टरच्या हाताखाली काढा, मागच्या बाकावर बसून. शहराची श्रीमंती 1880 नंतरच्या रबराच्या पैशातून आली, नदीकाठची टाइल्सवाली घरं त्याचीच, आणि ते रबर पुतुमायोच्या जंगलात आदिवासींना गुलाम करून, मारून काढलेलं होतं. इकितोसच्याच आराना या रबर व्यापाऱ्याची कंपनी होती, ब्रिटिश अधिकारी रॉजर केसमेंटचा त्यावरचा रिपोर्ट 1912 ला छापला गेला. बाहेरून तुमच्या भल्यासाठी आलोय म्हणणाऱ्याकडे तिथली म्हातारी माणसं जरा थांबून बघतात, त्यांना बघू द्या. आणि प्रार्थनापत्रासाठी बेलेनमधल्या उघड्या पोरांचे फोटो काढू नका, आईला विचारल्याशिवाय तर नाहीच. देणगी वाढते हे खरंय, म्हणूनच सांगतोय.

देणगीवरून आठवलं, हे कमिटीसाठी. मंडळीच्या ट्रस्टमधून सरळ परदेशात पैसे पाठवायला निघू नका. धर्मादाय ट्रस्टनं भारताबाहेर केलेल्या खर्चाला करमाफी आपोआप लागू होत नाही, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते. सीएला आधी विचारा. जाणाऱ्यांनी आपलं सेव्हिंग खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करून घ्यायचं, आणि रोख डॉलर नेताना कोऱ्या नोटा, पेरूमध्ये फाटकी, चुरगळलेली नोट कोणी घेत नाही. सगळ्या कुटुंबाचं लिमापर्यंतचं तिकीट येईल एवढी रक्कम वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका, कारण मोठं ऑपरेशन निघालं तर लिमाला न्यावं लागू शकतं आणि अ‍ॅम्ब्युलन्सला रस्ता नाहीये.

राहिली झूमवरची प्रार्थना. साडेदहा तासांचा फरक आहे, आपली रविवारची सकाळी साडेआठची उपासना म्हणजे त्यांचे शनिवारी रात्रीचे दहा, मुलं झोपलेली, नेट रखडतंय. सकाळी सातला ठेवा, तिथं रात्रीचे साडेआठ होतात. आणि कॅमेरा चालू झाल्या झाल्या किती जणांना बाप्तिस्मा दिला हे विचारू नका, वहिनींना विचारा कुकरची रिंग पाठवू का.