फायर पंपाचं पाणी: सोसायट्यांनी या चुका टाळा

पुण्यात गुरुवारी पाणी बंद राहिलं, शुक्रवारी कमी दाबानं आलं, की सोसायटीची नजर फायरच्या टाकीवर, म्हणजे आग विझवायला राखलेल्या पाण्यावर जाते. प्लंबर झाकण उघडून घरगुती वापरासाठी पाणी उपसायला सबमर्सिबल (पाण्यात बुडणारा पंप) सोडतो. ‘टँकर आला की भरू’ असं ठरतं. टँकर मात्र घरगुती टाकीत रिकामा होतो, कारण ओरड तिथली असते. पुढच्या टेस्टिंगला फायर पंप सुरू केला की तो हवा ओढतो. आत खडी फिरावी तसा आवाज येतो, गेजचा काटा थरथरतो. ग्लँडमधून (पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो ती पॅकिंग भरलेली जागा) पडणारे थेंब थांबतात, ग्लँड तापते आणि पॅकिंग करपल्याचा वास सुटतो. पंप काढावाच लागतो.

या टाकीचा हिशेब मिनिटांत करा. पंप मिनिटाला २२८० लिटरचा असेल, तर ५०,००० लिटर जेमतेम २२ मिनिटं पुरतात. २०,००० उरले तर नऊ मिनिटंही नाहीत. शिवाय तळाचं सगळं पाणी मिळतच नाही; पातळी सक्शनच्या (पंपाच्या ओढ पाइपाच्या) तोंडाजवळ आली की भोवरा पडून हवा शिरते.

उपाय एकच पटतो: महापालिकेची लाइन आणि टँकरचा पाइप, दोन्ही आधी फायरच्या टाकीत. ती भरली की ओव्हरफ्लोनं घरगुती टाकीत. टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या फ्लोट व्हॉल्व्हचा गोळा घरगुती टाकीत ठेवा, फायरच्या नको. पाणी फिरतं राहतं, आणि घरगुती पंपाला फायरचा साठा उपसताच येत नाही.

‘पाणी वाया जातं’ म्हणून टेस्टिंग टाळणं ही दुसरी चूक. टेस्ट लाइन (टेस्टिंगचं पाणी बाहेर काढणारा पाइप) परत टाकीत सोडा, पाणी जात नाही. नसेल तर बसवून घ्या. सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप फिरवायचा शॉर्टकट तर मुळीच नको. तेच पाणी आत घुसळून तापतं आणि सील जातं.

जॉकी पंप (फायरच्या लाइनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) दर पाच-दहा मिनिटांनी सुरू होतो? मग गळती आहे. आधी हायड्रंट व्हॉल्व्हचे (आगीची नळी जोडायच्या तोट्यांचे) वॉशर बघा, मग पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. जॉकी बंद करून ठेवला की प्रेशर उतरतं, मेन पंप उगाच सुरू होतो, मग वैतागून कुणीतरी पॅनल मॅन्युअलवर टाकतो. आग लागेल तेव्हा बटण दाबायला तिथे माणूस हवा, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात येत नाही.

पंप टाकीच्या वर असेल तर प्रायमिंग टाकी (पंप आणि ओढ पाइप पाण्यानं भरलेले ठेवणारी छोटी टाकी) रोज बघा; ती सारखी उतरत असेल तर ओढ पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळतोय. बोअरचं पाणी भरत असाल तर स्ट्रेनर (गाळ अडवणारी जाळी) साफ ठेवा.

रंगपंचमीला गच्चीवरच्या फायर टाकीला नळी लावू देऊ नका. लावलीच, तर त्याच संध्याकाळी टाकी भरून घ्या.