शाइनचा भूतकाळ: शोन लिहायचं की शाइन्ड?

इंग्रजी क्रियापदाचा भूतकाळ म्हटलं की शेवटी ईडी (-ed) लावून मोकळं व्हायचं ही आपली सवय, आणि शाइनला ती बऱ्याचदा नडते. म्हणून आधी वाक्यात कर्म आहे का ते बघायचं. कोणीतरी बूट किंवा पितळेचा दिवा घासूनपुसून चकचकीत केला असेल तर शाइन्ड. सूर्य, चंद्र, डोळे आपले आपण चमकले तर शोन. ‘द सन शोन ऑल डे’ आणि ‘ही शाइन्ड हिज शूज’ ही दोन वाक्यं पाठच करून टाका, निम्मं काम तिथेच होतं. टॉर्च मारण्याचं जरा वेगळं आहे, तिथे कर्म असूनही ब्रिटिश लोक शोनच लिहितात, अमेरिकेत शाइन्ड पण सर्रास चालतं.

उच्चारही वेगळा बरं का, ब्रिटिश म्हणतात शॉन, गॉनसारखा, आणि अमेरिकन शोन, बोनसारखा.

आता शोन आलं कुठून? हे जुन्या इंग्रजीतलं क्रियापद, तेव्हा शीनान असं काहीसं म्हणायचे, आणि राइड-रोड, राइज-रोज, राइट-रोट यांच्याच घराण्यातलं, म्हणजे भूतकाळात आतला स्वर बदलणारं. फक्त रिटन, रिझनसारखं तिसरं रूप आज याला उरलं नाही, तिथेही शोनच वापरायचं. जर्मनमध्ये याचा भाऊबंद आहे शाइनन, त्याचा अर्थ चमकणं आणि शिवाय वाटणं, दिसणं! मला हे फार आवडतं कारण आपल्याकडे डिट्टो तेच झालंय, संस्कृतात भास् म्हणजे चमकणं, भास्कर त्यातलाच, आणि मराठीत आपण म्हणतो मला भास झाला. उजेड पडला की वस्तू दिसते, आणि दिसते म्हणजे तशी वाटते, दोन्हीकडे अर्थ याच वाटेने सरकलाय.

वाक्प्रचारांत ‘टेक अ शाइन टू’ म्हणजे कोणीतरी चटकन आवडून जाणं. तिकिटावर ‘रेन ऑर शाइन’ छापलं असेल तर पाऊस असो नसो कार्यक्रम होणारच, छत्री घेऊन निघा.

आणि आपलं शायनिंग मारणं डोक्यात ठेवून इंग्रजी वाचू नका, ‘शी शोन इन द इंटरव्ह्यू’ म्हणजे तिने भाव खाल्ला असं नाही, तिने इंटरव्ह्यू खरंच मस्त दिला, ते सरळसरळ कौतुक आहे.