समुद्रावर गळ टाकायला जाताय? आधी गोड्या पाण्याचा कॅन भरा

सगळ्यात आधी हेच लिहितो, कारण मागच्या वेळी बाकी सगळं नेलं आणि हेच राहिलं. वीस लिटर गोडं पाणी, कॅन भरून डिकीत. मग पुढचं वाचा.

आपण नदी-तलाववाले. मासे पकडून झाले की रील (दोरी गुंडाळायचं चाक) फडक्याने पुसायचं, पिशवीत टाकायचं, विषय संपला. मीही समुद्रावरून निघताना तेच केलं, वर नऊ तासांचा प्रवास, घरी येऊन झोपलो, सामान तीन दिवस डिकीतच. चौथ्या दिवशी रीलचं हँडल फिरवलं तर करकर वाजलं आणि अर्ध्यात अडकलं. उघडून बघतो तर बेअरिंगच्या कडेने मिठाची पांढरी खपली धरलेली. चांगलं रील होतं हो.

आता तारीख. सुट्टी बघून ठरवू नका, भरती बघून ठरवा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात जवळजवळ सहा तास! म्हणजे गेल्या शनिवारी कुणाला सकाळी सहाला भरती मिळाली म्हणून तुम्ही या शनिवारी सहाला पोचलात तर समोर ओहोटी आणि चिखल. तक्ता बघाल तो जिथे जाणार त्याच्या जवळच्या बंदराचा बघा, दुसरीकडची वेळ चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप ओढतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती, तेव्हा ओढ कमी, नवख्याला तेच बरं. आणि खडकावर उभे राहणार असाल तर हे डोक्यात ठेवा की पाणी सगळे सहा तास एकाच वेगाने चढत नाही, मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं चढतं. परतीची वाट तेवढ्यात बुडते.

वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज आठवडाभर आधी बघून उपयोग नाही, निघायच्या आदल्या रात्री परत बघा. समुद्र खवळलेला असेल तर जाऊ नका. "एवढं लांब आलोय तर टाकूया थोडा वेळ" हे वाक्य आपण लांबून येणारेच म्हणतो आणि लोक त्यातच जातात. खडकावर चढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत बसा, मोठी लाट कुठवर येते ते कळतं. एकटे नको, पाठ समुद्राकडे नको, लाईफ जॅकेट घाला.

सामान: रॉड, रील, लाईन तुम्हाला माहीत आहे. फक्त तलावातलं वीस ग्रॅमचं शिसं (गळ बुडवायचं वजन) लाटेत टिकत नाही, किनाऱ्यावरून टाकायला 100-150 ग्रॅम लागतं आणि ते झेपणारा बारा-चौदा फुटी रॉड. तो गाडीत मावतो का हे निघायच्या दिवशी बघू नका (मी बघितलं, खिडकीतून बाहेर काढून न्यावा लागला). गळ आणि शिसं दुप्पट घ्या, खडकात अडकून तुटतातच. पक्कड घ्या. आणि कॅन. कॅन ठेवला का? पिण्याचं पाणी वेगळं, ते गाडीतल्या माणसांसाठी आहे, त्यात हिशोब धरू नका, वाटेत पिऊन संपतं.

बोटीने जाणार असाल तर मळमळीची गोळी आधी डॉक्टरांना विचारून ठेवा आणि बोट सुटायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर घेऊन काही होत नाही. परवाना लागतो का, किती आकाराचा मासा ठेवता येतो, हे त्या ठिकाणचं बघून घ्या. ओळखत नसलेल्या माशाला हात लावू नका, काहींचे काटे विषारी असतात.

परत निघताना बर्फ परत भरा, सकाळचा वितळलेला असतो. ड्रायव्हरची झोप आधी झालेली हवी.

आणि मग कॅन उघडा, तिथेच, गाडी सुरू करायच्या आधी. ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट करून रीलवर हलक्या धारेने पाणी, जोराचा फवारा नको, मीठ आत ढकललं जातं. रॉडच्या कड्या, पक्कड, सगळं धुवा. वापरलेले गळ नव्यांच्या डबीत टाकू नका, एक ओला गळ पूर्ण डबी गंजवतो. घरी पुन्हा धुवा, सावलीत वाळवा, ड्रॅग सैल करून ठेवा. डिकी पण पुसा.